सात नंबरची बाटली

पेशी वाढवणाऱ्या माणसाला रविवार नसतो. तिला तर अठरा वर्षं नव्हता. सुरुवात काचेची भांडी धुण्यापासून झाली, मग उंदरांची देखभाल, मग सात वर्षं रखडलेली डॉक्टरेट, आणि आता कुठे रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी वाढवून त्याला औषध म्हणून परत देण्याचं काम. "आई, तुझ्या पेशींना ताप आलाय का?" ती उशिरा घरी आली की लेक विचारायची. टोमणा बापाचा, तोंड लेकीचं.

आज मात्र अकरा वाजता प्रयोगशाळेच्या प्रमुखपदाची मुलाखत होती, आणि बाकीचे उमेदवार तिच्यापुढे अगदीच लिंबूटिंबू होते.

दहाला ती पेशींना खाऊ घालायला बसली. नियम साधा होता: प्रत्येक रुग्णाच्या पेशींना खाद्यद्रवाची वेगळी बाटली. सहा नंबरचं होईपर्यंत पावणेअकरा वाजले. सात नंबरची बाटली फ्रिजमध्येच राहिली होती. ती कोमट व्हायला वीस मिनिटं लागली असती. मुलाखतीच्या घाईत तिने सहाचीच बाटली सातला वापरली. शेवटचा थेंब सोडताना आठवलं, की मघाशी द्रव सोडायची नळी सहाच्या पेशींना टेकून पुन्हा त्याच बाटलीत बुडाली होती. म्हणजे सहाच्या दोन-चार पेशी सातच्या घरात शिरल्या असतील. किंवा नसतीलही.

कोणी पाहिलं नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं ठीकच दिसलं. पण एकाची पेशी दुसऱ्याच्या पेशीसारखीच दिसते, तिथेच तर खरी मेख. सांगितलं तर सातचं सगळं फेकायचं, नव्याने रक्त, नव्याने तीन आठवडे. आजार तेवढा वेळ थांबणार होता थोडाच? न सांगितलं तर परक्या माणसाच्या पेशी त्याच्या अंगात जाणार. तिला स्वतःचाच संताप आला. याच चुकीवरून तिने आजवर किती जणांना झापलं होतं!

मुलाखतीला ती दहा मिनिटं उशिरा पोचली.

"आज उशीर?" संचालकांनी विचारलं.

"सात नंबरच्या पेशी बाद करून आले, सर. चूक माझीच आहे." आणि तिने सगळं सांगून टाकलं.

पद दुसऱ्याला मिळालं. लिंबूटिंबूंपैकीच एकाला. त्या दिवशी लेकीने टोमणा मारला नाही, तेच तिला जास्त लागलं.

पाचव्या दिवशी सात नंबरचं नवं रक्त आलं. आता सातला आपण हात लावायचा नाही, असं ठरवून ती ते सहकाऱ्याकडे सोपवणार, तेवढ्यात रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला.

"पेशंटना सगळं सांगितलं. जाम चिडले. माझ्याशी भांडलेच."

"भांडणारच."

"मग विचारलं, चूक पकडली कोणी? म्हटलं, कोणी नाही, बाईंनी आपणहून सांगितली. तर म्हणाले, मग माझ्या पेशी त्यांनाच वाढवू द्या."

फोन ठेवून तिने डोळे पुसले, हात धुतले, फ्रिजमधून सात नंबरची बाटली काढली आणि ती कोमट होईपर्यंत, पुरती वीस मिनिटं, नुसती बसून राहिली.