लसीवरचा आळ

भोकरजवळच्या गावातली आशा कार्यकर्ती कुशावर्ता करोनाची लस घ्या म्हणून दारोदार फिरायची. तिनं स्वतः घेतली, अन् पुढच्याच महिन्यात नांदेडला केलेली तिची टेस्ट ट्यूब बेबीची खेप वाया गेली. लसीशी याचा संबंध नाही, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या. पण या खेपेची बातमी फुटली, अन् गावाच्या हाती आयतंच कोलीत आलं.

लसीच्या शिबिरात शेजारची रुक्मिणबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "लसीनंच हिची कूस करपली. आमच्या सुनांला न्हाई टोचू देनार."

बाया उठायला लागल्या. गप्प बसावं तर लस बदनाम, बोलावं तर आपण. कुशावर्ता भडकली, "लस यायच्या आधीबी दोनदा फसलंय माझं! ट्रेनिंग म्हून नांदेडला जायची, ते याच्याचसाठी!"

बाया परत बसल्या. बाह्या वर झाल्या.

तिची सासू सरजाबाई तेवढी उठली. "म्हंजी," ती हळूच म्हणाली, "खोट लसीत न्हाई."