कोंडीराम आणि पडद्यावरची मुलं

माहिती खात्याची गाडी हायस्कूलच्या आवारात येऊन उभी राहिली, तेव्हा तारामतीबाईंना खरं तर आनंद व्हायला हवा होता. आदिवासी तरुणांवरचा माहितीपट दहावीच्या वर्गाला दाखवायचा म्हणून त्या वर्षभर उस्मानाबादला खेटे घालत होत्या. कधी गाडी नादुरुस्त, कधी दुष्काळी कामांवर गेलेली, तर कधी यंत्र चालवणारा रजेवर. आज सगळं जुळून आलं होतं. अंधार पाहिजे म्हणून सोसायटीचं खताचं गोदाम मागून घेतलं होतं, आत पडदाही लागला होता. आणि ज्याला डोळ्यांपुढं ठेवून हा सगळा खटाटोप केला, तो कोंडीराम वर्गात नव्हता.

"बाई, त्याला पोलिसांनी नेलं," वर्गातली शिवकांता म्हणाली. "सोसायटीच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली रात्री. हा सकाळी भाकरी खायला पालावर गेला, तिथंच धरलं."

कोंडीराम पारध्यांचा. त्यांच्या पालावरून हायस्कूलपर्यंत आलेला तो पहिलाच. परीक्षा जवळ आल्यापासून दहावीची मुलं अभ्यासाला शाळेतच झोपत, त्यांच्यात तोही असे.

बाई तडक हेडमास्तरांकडं गेल्या. हणमंतप्पा सर गाडीवाल्याबरोबर चहा पीत होते.

"सर, रात्री मुलांबरोबर कोण झोपलं होतं?"

"मीच होतो की."

"कोंडीराम होता?"

"होता. पहाटे मीच उठवलं त्याला."

"मग तेवढं चौकीवर येऊन सांगा ना."

सरांनी कप खाली ठेवला. "बाई, मोटार सोसायटीची. गोदाम सोसायटीचं. त्या लोकांशी वाकडं कशाला घ्यायचं? सोडतील संध्याकाळपर्यंत. तुम्ही पिक्चर सुरू करा. विषय चांगला आहे, आदिवासी मुलांचा."

"कोंडीराम कोण आहे मग?"

"तो पारधी आहे."

"पारधी आदिवासीच असतात, सर."

"तसं आहे हो. पण हे पिक्चर डोंगरातल्या आदिवासींचं आहे."

बाईंच्या बापानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला, तेव्हाही गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी असंच शांतपणं बोलून त्याला वेडं केलं होतं, असं आई सांगायची. बाई गाडीवाल्याकडं वळल्या.

"भाऊ, यंत्र लावू नका. कोंडीराम आल्याबिगर पिक्चर होत न्हाय."

गाडीवाला वैतागला. "बाई, मला दुपारी जळकोटला जायचंय. दाखवलं न्हाय तर वर कळवावं लागतंय मला. शाळेनं नकार दिला म्हणून."

हणमंतप्पा सर उठले आणि त्यांनी टोपी घातली. मुलगा कोठडीत आहे म्हणून न उठलेला माणूस वर कळवतील म्हणून उठला, याचा बाईंना इतका संताप आला की चौकीपर्यंत त्या सरांच्या पुढंच चालत राहिल्या.

जमादारानं सरांना खुर्ची दिली. बाई उभ्याच राहिल्या.

"सर सांगत्यात म्हणून सोडतो," जमादार म्हणाला. "पण बाई, तुम्हाला म्हणून सांगतो, हे लोक सुधरायचे न्हाईत. तुम्ही उगं जीव काढता."

कोंडीराम बाहेर आला. डावा गाल सुजला होता. सर त्याच्याकडं न बघता म्हणाले, "चल, पिक्चर आहे."

गोदामात खताचा उग्र वास होता. मुलं पोत्यांवर बसली होती. पडद्यावर हिरवेगार डोंगर आले, ढोल आले, हातात हात गुंफून नाचणारी मुलंमुली आली. एक भारदस्त आवाज सांगत होता की ही मुलं भोळी आहेत, निसर्गाची लेकरं आहेत, आता शिक्षणाचा प्रकाश त्यांच्यापर्यंत पोचतो आहे. नाच लांबला तशी मुलं हसू लागली. बाईंनी दोनदा दटावलं, मग तेही सोडून दिलं. याच्यासाठी वर्ष घातलं आपण, असं त्यांना वाटत राहिलं.

पिक्चर संपल्यावर त्यांनी विचारलं, "काय कळलं?"

"आदिवासी नाचतात, बाई."

"आपण त्यांना मदत केली पाहिजे."

"त्यांच्याकडं पाऊस लई पडतो."

"कोंडीराम?" बाईंनी विचारलं.

"त्यातलं कुणीच बोललं न्हाय, बाई. सारा वेळ तो एक माणूसच बोलत होता. पोरांची नावंबी सांगितली न्हाईत."

कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "मग तू सांगतोस? तुझं?"

"आज न्हाय. तोंड दुखतंय."

बाईंनी पुन्हा आग्रह केला नाही. पुढच्या सोमवारी त्यांच्या भूगोलाच्या तासाला तोच उठला आणि म्हणाला, "आता सांगतो." फळ्यापुढं न जाता जागेवरूनच बोलला. तितराला फास लावायला आजीनं शिकवलं ते सांगितलं. विहीर आटली की पाल दुसऱ्या गावाच्या शिवेवर जातं आणि शाळा मागं राहते, ते सांगितलं. कुठं काही हरवलं की पोलीस न्यायला येणार म्हणून बाप आधी चपला घालून बसतो, तेही सांगितलं.

"पण तुमच्यातले काही जण चोऱ्या करतातच ना रे?" मागच्या बाकावरून एकानं विचारलं.

कोंडीराम चिडला. "तुमच्यातले करत न्हाईत? मग तुला का न्हाय नेत? मी त्या रात्री तुझ्याच शेजारी झोपलो होतो. तू का आला न्हाईस सांगायला?"

वर्गात गलका झाला. शिवकांता त्या मुलाला बोलू लागली, तो तिला बोलू लागला. शेजारच्या वर्गातून हणमंतप्पा सरांनी छडी आपटली. तारामतीबाई खुर्चीत बसून राहिल्या. कोंडीरामला त्यांनी गप्प केलं नाही. त्याचं अजून बोलून झालं नव्हतं.