तिसरा रकाना

जयंत खुर्चीवर टेकायच्या आतच दिगंबरने उघड्या रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यावर डावा पंजा ठेवला.

प्रयोगशाळेचा कारकून म्हणून काविळीच्या रक्तनमुन्यांचं ते रजिस्टर अकरा वर्षं दिगंबरकडे होतं. एवढी वर्षं दोन रकान्यांत भागलं. एक कावीळ पाण्यातून येणारी, दुसरी सुईतून. पुढे डॉक्टरांनी त्यांना ए आणि बी म्हणायला सुरुवात केली, एवढाच फरक. येणाऱ्या नातेवाइकांचेही दिगंबरच्या मनात दोनच रकाने होते: रडायला येणारे आणि भांडायला येणारे. जयंत बँकेतला, बदलीवर कलकत्त्याला आलेला, राहायला बालीगंजात. चार महिन्यांपूर्वी त्याची बायको सरोज सातव्या महिन्यात काविळीने गेली, नऊ दिवसांत. तेव्हापासून तो दुसऱ्या रकान्यात होता.

"लागला का निकाल, दिगंबरराव?"

"परदेशातून परवाच कागद आला. बी नाही."

"म्हणजे त्या कंपाउंडरच्या सुईचा दोष नाही?"

"नाही."

याच कंपाउंडरच्या नावाने जयंतने महाराष्ट्र मंडळात घरोघर शंख केला होता. आता तो हातातल्या छत्रीची मूठ चोळत राहिला.

"मग ए. पाण्यातली." त्याचा आवाज उतरला. "आजारी पडायच्या महिनाभर आधी एस्प्लनेडला फुचका मीच खायला लावला तिला. पाणीपुरीच ती, म्हटलं, काय होतंय. नको नको म्हणत होती हो."

"ए पण नाही."

"दोन्ही नाही? मग आहे तरी काय?"

"डॉक्टरांनाही तेच कोडं आहे. तिसरा रकाना आखलाय. त्याला अजून नाव नाही."

पंज्याखाली त्या तिसऱ्या रकान्यातल्या सतरा जणांचे शेरे होते. सतरांपैकी अकरा बायका पोटुशा. प्रत्येकापुढे डॉक्टरांनी सांगितला म्हणून पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला: पाणी? आता प्रश्नचिन्ह म्हणजे काही उत्तर नव्हे, असं दिगंबरने सकाळीच स्वतःला बजावून ठेवलं होतं.

"म्हणजे फुचक्याचा काही..."

"निकालात तसं लिहिलेलं नाही."

जयंतचे खांदे सैल पडले. त्याने रुमाल काढून डोळ्यांना लावला. पहिल्या रकान्यात गेला, दिगंबरने मनात नोंद केली.

"घोटभर पाणी द्या."

शिपायाने सकाळी भरलेली सुरई टेबलावरच होती. दिगंबरचे हात सवयीने तिला ओलांडून टेबलाखालच्या पिशवीत गेले. त्याने थर्मासमधून ग्लास भरून दिला.

जयंतने एक घोट घेतला आणि थांबला. पाणी कोमट होतं. त्याने काठोकाठ भरलेल्या सुरईकडे पाहिलं, थर्मासकडे पाहिलं. मग उघड्या पडलेल्या शेवटच्या रकान्यावर त्याची नजर वरून खाली सावकाश उतरत गेली.

"केव्हापासून उकळून पिता, दिगंबरराव?"

दिगंबरने थर्मासचं झाकण लावायला घेतलं. आटे काही बसेनात.