डावीकडचा हात

खालच्यांनी हात वर केला, पंजा उघडा. म्हणजे थांबा. क्रेन थांबली नाही.

आकड्याला लटकलेली लोखंडी पत्र्यांची चळत तशीच पुढे येत राहिली. खालचे ओरडले, पण त्या शेडमध्ये आपलं ओरडणं आपल्याला ऐकू आलं तरी पुष्कळ. शेवटी हेल्मेट काढून ते हलवत उजवीकडे धावले, तेव्हा कुठे क्रेन गचका खाऊन थांबली. पत्र्यांची कड भिंतीला लावलेल्या शिडीपासून हातभर अंतरावर झुलत होती. शिडीवर एक माणूस दिवे पुसत होता. त्याला कशाचा पत्ताच नव्हता.

"ब्रेक सरकला," वरचे सुपरवायझरला म्हणाले.

"हो, सरकला," खालच्यांनी री ओढली. ब्रेक तपासायला माणूस आला. ब्रेक ठणठणीत होता.

हे दोघे एकमेकांचे साडू. एक छताखालच्या क्रेनच्या केबिनमध्ये बसायचे म्हणून वरचे. दुसरे जमिनीवरून हाताने इशारे द्यायचे म्हणून खालचे. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि त्यासुद्धा आपापल्या नवऱ्याला याच नावाने पुकारायच्या. जोडी अशी जमलेली की खालच्यांनी बोट जरा वाकवलं, तरी वरचे बरोबर तेवढाच माल सरकवायचे. कारखान्यात त्यांचं कौतुक होतं आणि दोघांनाही ते मनातून आवडायचं.

गेले कित्येक महिने वरच्यांचं डोकं दुखत होतं. डोकेदुखीवर सल्ला द्यायला कुणाला शिकावं लागत नाही, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. गल्लीच्या तोंडाशी बसणारे डॉक्टर आधी म्हणाले, पित्त. मग म्हणाले, चष्मा बदला. चष्मेवाल्याने समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. वरच्यांनी शेवटची ओळसुद्धा धडाधड वाचली. मग सर्दी साठली आहे असं ठरलं, मग टेन्शन. प्रत्येक वेळी नव्या रंगाच्या गोळ्या यायच्या आणि वरचे त्या इमानेइतबारे गिळायचे. सकाळी उठले की कपाळ दोन्ही हातांनी दाबून पलंगाच्या कडेला बसायचे, मग मोरीत जाऊन उलटी करायचे. नळ मोठा सोडून. तो नळ कशासाठी सुटतो ते त्यांच्या बायकोला, थोरलीला, केव्हाच कळलं होतं.

शिडीची गोष्ट खालच्यांनी घरी बायकोला, धाकटीला, सांगितली, आणि धाकटीच्या पोटात ती रात्रभरसुद्धा राहिली नाही. सकाळी थोरली नवऱ्याला घेऊन गल्लीतल्या डॉक्टरांसमोर जाऊन बसली.

"मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवा यांना. चिठ्ठी द्या."

"अहो ताई, उगाच कशाला मनाला लावून घेता? वयोमानाने होतं असं. या नव्या गोळ्या घेऊन बघा."

"बघितल्या. पिवळ्या बघितल्या, गुलाबी बघितल्या. आता चिठ्ठी द्या. नाहीतर मी इथून हलत नाही, आणि बाहेर तुमची रांग लागलीय."

डॉक्टरांनी बाहेर डोकावून पाहिलं आणि चिठ्ठी लिहिली.

मोठ्या हॉस्पिटलातल्या बाकावर नंबर येईपर्यंत तिघं ओळीने बसली होती. खालच्यांनी रजा टाकली होती. थोरली पाणी आणायला उठली, तशी वरचे हळूच म्हणाले, "साडूभाऊ, एक शब्द द्या. आत कामाचं काही बोलायचं नाही."

"पण त्या दिवशी..."

"त्या दिवशी कळ आली आणि डोळे मिटले. बस्स. हे लोक एक ओळ खरडतील आणि मला खाली उतरवतील. मी खाली काय करू? झाडू मारू? वर बसल्यावर मी कुणीतरी असतो हो."

खालचे काही बोलले नाहीत. वरच्यांनी तोच होकार धरला.

मेंदूच्या डॉक्टरबाई त्यांच्या भाचीच्या वयाच्या होत्या आणि अजिबात घाईत नव्हत्या. कधी दुखतं, कुठे दुखतं, वाकल्यावर वाढतं का, सगळं त्यांनी विचारलं.

"उलट्या होतात?"

"कधीतरी."

"रोज," थोरली म्हणाली.

बाई समोर स्टूल ओढून बसल्या. एक डोळा हाताने झाका म्हणाल्या. "माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. बाजूला माझं बोट हललं की सांगायचं." त्यांनी वरच्यांच्या उजवीकडे बोट हलवलं.

"हललं."

मग डावीकडे. वरचे नाकाकडे टक लावून शहाण्या मुलासारखे बसून राहिले. बोट हलत होतं. थोरलीला दिसत होतं, कोपऱ्यात उभ्या असलेल्या खालच्यांना दिसत होतं.

"हं," वरचे म्हणाले, "करा की सुरू."

थोरलीने पदर तोंडाला लावला. बाईंनी दुसरा डोळा झाकायला सांगितला आणि पुन्हा तेच केलं. डावीकडे पुन्हा तेच.

खालच्यांना आपले स्वतःचे पाय आठवले. पूर्वी ते मालाच्या कुठल्याही बाजूला उभे राहायचे. मग केव्हातरी डावीकडून दिलेल्या इशाऱ्याला क्रेन उशिरा हलू लागली, आणि त्यांचे पाय आपोआप उजवीकडे जाऊ लागले. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी बोललं नव्हतं. साडूला सोयीचं पडतं, एवढंच त्यांना वाटलं. त्या दिवशी उजवीकडे खोकी रचलेली होती, म्हणून ते डावीकडे उभे राहिले. ज्या जोडीचं सगळे कौतुक करत, तिनेच दुखणं इतके महिने झाकून ठेवलं होतं.

"काम काय करता?" बाईंनी विचारलं.

"कारखान्यात आहे."

"कामावर कधी काही चुकलं? धक्का, टक्कर?"

"छे. आजवर साधा ओरखडा नाही." वरच्यांनी खालच्यांकडे पाहिलं. पाहायला त्यांना मान पुरती वळवावी लागली.

"झालंय," खालचे म्हणाले.

"साडूभाऊ!"

"क्रेन चालवतात हे. मी डावीकडून हात दाखवला, यांना दिसला नाही. शिडीवर माणूस होता. आणि डॉक्टर, गेले कित्येक महिने मीच उजवीकडून हात दाखवतोय. मला कळलंच नाही." एवढं बोलून त्यांना रडू फुटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

तपासणीच्या फोटोत गाठ दिसली. मेंदूच्या उजव्या अंगाला, मागे. काढता येईल, दुखणं थांबेल, बाई म्हणाल्या. गेलेली नजर परत येईलच असं मात्र नाही. थोरलीने विचारलं, "आधी कळलं असतं तर?" बाई म्हणाल्या, "अजून उशीर झाला नाही, हे महत्त्वाचं." क्रेनचं वरच्यांनी स्वतःच विचारलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

बाहेर आल्यावर वरचे एकच वाक्य बोलले. "तुम्ही मला खाली खेचलंत."

"खेचलं," खालचे म्हणाले.

त्यानंतर वरच्यांनी अबोला धरला. ऑपरेशनच्या दिवशी, नंतरच्या दिवसांत, खालचे रोज येऊन पलंगाच्या उजव्या बाजूला बसायचे आणि वरचे छताकडे बघत राहायचे. डोकं दुखत नव्हतं. इतक्या काळानंतर सकाळी मोरीतला नळ बंद होता आणि थोरलीला ती शांतता ऐकू यायची.

हिंडायला लागल्यावर वरचे एकदा केबिनमधली आपली उशी आणायला कारखान्यात गेले. वर नवा माणूस बसला होता. उशी त्याने दोरीला बांधून खाली सोडली. वरचे ती काखेत घेऊन बराच वेळ वर बघत उभे राहिले, मग निघाले. खालचे त्यांना फाटकापर्यंत सोडायला निघाले आणि सवयीने त्यांच्या उजवीकडून चालू लागले.

"तिकडे नको," वरचे म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "डावीकडे या."

"डावीकडे मी दिसणार नाही तुम्हाला."

"म्हणूनच या. मान वळवायची सवय लावा, म्हणाल्यात बाई."

खालचे डावीकडे आले. वरचे चार पावलं चालायचे, मान वळवायचे, साडू आहेत ना बघायचे, आणि पुन्हा पुढे. फाटकाजवळ डाव्या बाजूने मालाची गाडी वळत होती. खालच्यांनी हात वर केला, पंजा उघडा.

वरच्यांनी मान वळवली आणि ते थांबले.