सरणाला लावलेली करवत

“इंजिन बंद करा, दादाभाऊ.”

“बंद केलं तर बॅटरी उतरंल, सावळेराम. नव्या घराला मीटर कुठाय आजून?”

इनव्हर्टरच्या वायरी जीपच्या बॅटरीला लावून आमच्या आरोहीच्या बाबांनी, म्हणजे गावाच्या दादाभाऊंनी, करवतीचं मशीन हातात घेतलं होतं. मी सागाचं लाकूड दाबून बसले होते. अर्धं लक्ष जीपमध्ये चढलेल्या आरोहीकडे.

“मशीनच नगं म्हन्तो मी.”

सावळेराम जमिनीकडे बघत होता. त्याची आई, गोजरबाई, स्पष्ट बोलली. “आमच्या मालकांच्या सरणाला लावल्याली करवत ती. उंबऱ्याला कशी लावायची, बाबा?”

गेल्या श्रावणात म्हातारा गेला, तेव्हा तळेघर गावात आठ दिवस वीज नव्हती. ओल्या लाकडात कुऱ्हाड रुतून बसत होती. यांनी जीप स्मशानात नेली, भर पावसात मशीन चालवलं, चहासुद्धा घेतला नाही. यांच्या गळ्यात पडून सावळेराम रडला होता. तेव्हापासून गावानं यांच्याकडून एक दार करून घेतलं नाही, एक पाळणा नाही. ही पहिली चौकट. तीही गेली, तर सोमवारपासून चाकणला वॉचमनची नोकरी, असं आमचं ठरलं होतं. मी आणि आरोही इथेच राहणार होतो.

“हातानं करा की,” सावळेराम म्हणाला.

छपरावरून पडल्यापासून यांच्या उजव्या खांद्यात जोर नाही. गावाला ठाऊक आहे. तरी यांनी इंजिन बंद केलं, हातकरवत घेतली. बोटभर कापलं आणि पुढे करवत रेटेना. डाव्या हातानं धरून बघितलं. करवत तिरकी गेली, चांगलं लाकूड बिघडलं.

“ऱ्हाऊ द्या, भाऊ. घोडेगावातनं तयार चौकट आनतो.”

मला राहवलं नाही. “घोडेगावच्या वखारीतली करवत काय काय कापते, विचारलंत कधी?”

“ते आमाला ठावं न्हाई ना, वहिनी. ह्ये ठावं हाय.”

“चल गं,” हे मला म्हणाले. मशीन, इनव्हर्टर जीपमध्ये मागे ठेवलं. बॅटरी उतरली नव्हती. जीप एका चावीत सुरू झाली.

गोजरबाई लगबगीनं गाडीपाशी आली. मागच्या मशीनला लागू नये म्हणून तिनं पदर आवरून धरला होता. दुसरा हात यांच्या खांद्यावर ठेवला, नेमका दुखऱ्या.

“रागावू नगं, लेका. माज्या येळंला येशील ना मशीन घिऊन? पावसाचा काय भरवसा.”

मी यांच्याकडे पाहिलं. चाकणचं सांगून टाका, एवढंच मनात म्हणत होते.

“येईन, काकी,” हे म्हणाले, आणि तिनं हात काढून घेईपर्यंत थांबले.