फोनो मऊ झाला

एकतीस साली माझ्या वडिलांनी, शालिकराम माळ्यांनी, अकोल्याहून फोनो मागवला. मी अकोल्याला सासरी, म्हणून अमरावतीच्या मळ्यावर तो पोचवायचं काम माझ्याकडे. पहिली तबकडी लावली आणि भोंगा असा किंचाळला की जांभाच्या झाडावरचे पोपट उडाले. माय म्हणाली, हे धूड आल्या पावली परत ने. पण मोटेचं नवं चाकही आधी करकरतं आणि रोज चालवलं की मऊ होतं, असं बाबांचं गणित. त्यांनी फोनोच्या दांड्याला चक्क एरंडेल लावलं आणि मोट सुटली की रोज दुपारी तीच तबकडी वाजवायला सुरुवात केली.

चार महिन्यांनी मी माहेरी गेले, तर घरात हाच वाद पेटलेला. बाबा म्हणत, फोनो रुळला. माय म्हणे, तो आहे तस्साच आहे, यांनाच सवय झाली. मधल्या काळात मी तो ऐकला नव्हता, म्हणून निवाडा माझ्या गळ्यात पडला. हरणं बाबांना मुळीच खपत नसे.

तबकडी लागली. भोंगा पहिल्या दिवसासारखाच किंचाळला, आणि बाबा डोळे मिटून डोलत होते. तबकडी संपल्यावर मायनं मागून दोनदा हाक मारली. ते हलले नाहीत. हल्ली मुद्दामच लक्ष देत नाहीत, असं फणकारत ती चुलीकडे गेली. मला मात्र काय ते कळलं. खरं सांगायचा धीर होईना, म्हणून मी बाबांसमोर बसून मोठ्यानं सांगितलं की फोनो मऊ झाला.

जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसेना. ते मला विहिरीकडे घेऊन गेले.

"फोनोचं जाऊ दे, वच्छले. तुह्या मायचाही आवाज मऊ पडला. पहिले थे वावराच्या पार धुऱ्यावरून हाक मारे तं मले इथं आयकू ये. आता जवळ बसून तोंडातल्या तोंडात बोलते. तिले काई होऊन राहिलं का?"

इतके दिवस ही भीती त्यांनी एकट्यानं सोसली होती. मला रडू आवरेना. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडून सांगितलं, माय धडधाकट आहे, फोनोही तसाच आहे, कान तुमचे गेले.

 बाबा उपरण्यानं डोळे पुसून हसले.

"एवढंच ना," ते म्हणाले. "मले वाटे का थे चालली."