वूझीचं कार्ड

आमचे हे इंग्रजी-मराठी शब्दकोश करतात. नऊ वर्षांत डब्ल्यूपर्यंत पोचले. नियम असा, की ज्याला अनुभव आलाय त्याला विचारल्याशिवाय शब्दाचं कार्ड भरायचं नाही. डोकं हलकं होण्याच्या ‘वूझी’ या शब्दापाशी गाडं अडलं. चक्कर एका शब्दाला देऊन झाली होती, घेरी दुसऱ्याला, भोवळ तिसऱ्याला. हा तर बोलण्यातला, घरगुती शब्द. साहेबासमोर वापरायचा नाही म्हणे. त्याला द्यायला काही शिल्लकच नव्हतं.

आणि मंगळवारी इस्त्री करता करता माझंच डोकं हलकं झालं. कपाट धरून उभी राहिले. हे धावत आले. हातात पाणी असेल असं वाटलं, तर पेन्सिल.

“नेमकं काय होतंय?”

मी म्हटलं, जमीन फिरत नाहीये, जरा बाजूला सरकून बसतेय. ह्यांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

मग आठ दिवस कार्डं माझ्या मागे. मी अंघोळीला गेले की दाराबाहेरून प्रश्न: झोप अर्धवट झाल्यासारखं, की औषध जास्त झाल्यासारखं? खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मला आवडलं. एकतीस वर्षांत माझी इतकी विचारपूस कुणी केली नव्हती. तिसऱ्या दिवसापासून मात्र डोक्यात एकच किडा: ह्यांना मी हवी आहे की माझी चक्कर?

शेवटी नणंदेनेच मला डॉक्टरकडे नेलं. कानाचं दुखणं निघालं. चार दिवस गोळ्या घेतल्या आणि बरी झाले. तसं सांगितलं, तर हे हळूच म्हणाले की वापराचं एक वाक्य राहिलंच.

माझा पारा चढला. विचारलं, आता पुढे कुठला शब्द, आणि त्याच्यासाठी कुणाला आजारी पाडताय?

“वरी. काळजी,” हे म्हणाले. “त्याला कुणाला विचारायची गरज नाही. भरून झालंय.”

कार्ड माझ्या हातात दिलं. तारीख त्याच मंगळवारची. वापराचं वाक्य: ‘बायको कपाट धरून उभी होती आणि घाबरून मला पेन्सिलीशिवाय काही सुचलं नाही.’

दोनदा वाचलं. डोळे भरून आले, पण राग काही उतरेना.

“मग पाणी आणायला काय झालं होतं?”

हे उठले आणि पेलाभर पाणी घेऊन आले. बारा दिवस उशिरा. मी प्यायले.